हिरव्या रेषेवर कोणी नाही

हौसेराव साहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा नजीब तुंगेकरचं ग्लुकोजचं बिस्किट अर्धं चहात होतं. "सगळं ठीक आहे हो. पण तुमची स्वतःची मुलगी जाईल का यावरून? एकटी?" प्रश्नात खोच नव्हती. बैठक संपवायच्या आधी मुख्य नियोजकाने काहीतरी विचारायचं असतं, म्हणून विचारलेला. बिस्किटाचा बुडलेला भाग सुटला, तळाशी गेला, आणि त्याच्याकडे बघत नजीब म्हणाला, "जाईल की." एवढंच. बिस्किट वाचलं असतं तर कदाचित त्याने नीट विचार करून उत्तर दिलं असतं. हौसेराव साहेबांनी फाइल मिटली, टेबलावर थोपटली आणि म्हणाले, "झालं तर मग. रविवारी जाऊ दे तिला. आपण पलीकडच्या टोकाला उभे राहू. पोरगी आली की तिथेच सही करतो. पावसाळ्याआधी काम सुरू." सगळे हसले. नजीबही हसला. बैठकीत सगळे हसतात तेव्हा न हसणाऱ्याची नोंद होते.

वाईट हे की तो निकष त्यानेच लिहिला होता. परदेशातल्या कुठल्याशा अहवालाची झेरॉक्स त्याच्या हाती लागली होती, आणि ती वाचून गेली दोन वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागे होता: एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत सायकलने, जिवाला घोर न लावता जाता यावं. कार्यालयाच्या भाषा कक्षाने त्याला 'अल्प-ताण सायकल मार्ग' असं नाव दिलं, आणि ते नाव ऐकताच माणसाला थोडा ताण येई. निकष असा : बारा वर्षांची मुलगी ज्या रस्त्याने सोबतीशिवाय जाऊ शकेल तोच अल्प-ताण. पोटनियम असा : मार्गावरच्या सर्वांत अवघड जागी जेवढा ताण, तेवढाच सगळ्या मार्गाचा ताण धरायचा. म्हणजे सबंध रस्ता लोण्यासारखा असला आणि मध्ये एकच भयंकर चौक आला, तर रस्ता भयंकर. हे वाक्य नजीबला फार आवडलं होतं. ते त्याने स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात उतरवून काढलं होतं. मात्र अहवालातली ती बारा वर्षांची मुलगी कोणाचीच नव्हती. तिला नाव नव्हतं, आई नव्हती, ती शाळेतून उशिरा येत नव्हती. नजीबची अलिशा गेल्या महिन्यात बारा वर्षांची झाली होती, आणि तिला तो सोसायटीच्या फाटकाबाहेर कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायलासुद्धा एकटी सोडत नव्हता.

आणि आता रविवार होता. एप्रिलचं ऊन सकाळीच तापलं होतं, आणि नजीब पलीकडच्या नोडमधल्या, म्हणजे नव्या शहराच्या पुढच्या वसाहतीतल्या, शाळेच्या मागच्या भिंतीशी उभा होता. कार्यालयाची जीप गुलमोहराखाली लावलेली. बॉनेटवर नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार दगड. हौसेराव साहेब टोपी घालून आले होते, त्यामुळे ते रजेवर असलेल्या हौसेराव साहेबांसारखे दिसत होते. नकाशावर हिरवी रेषा होती. नजीबने ती स्वतः पेन्सिलने ओढली होती, मग हिरव्या शाईने पक्की केली होती. एका टोकाला त्याची सोसायटी, दुसऱ्या टोकाला अलिशाची शाळा. दोन्हींच्या मधून मोठा रस्ता जात होता, पण त्या रस्त्यावर खडीचे डंपर आणि जासईकडे जाणारे कंटेनर अशा तोऱ्यात धावत की बसमधली मुलंसुद्धा खिडकीतून हात आत घेत. म्हणून रेषा त्या रस्त्याला स्पर्शच करत नव्हती. ती सोसायट्यांच्या मागून निघून होल्डिंग पाँडच्या बांधावर चढत होती – भरतीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून खाडीकाठी जे मोठं तळं राखलं होतं, त्याच्या बांधावर – आणि तिवरांच्या कडेकडेने शाळेपाशी उतरत होती. एकही चौक नाही. एकही वाहन नाही. मध्ये एका ठिकाणी ती जरा वाकली होती, कारण तिथे कोलवखार होतं. कोलवखार हे गाव. नव्या शहराच्या आधीपासूनचं. पण गावठाण आराखड्यात येत नाही, त्यामुळे नकाशावर गावाच्या जागी रंग नव्हता, गल्ल्या नव्हत्या, काहीच नव्हतं. फक्त कोरा कागद, पावाच्या तुकड्याच्या आकाराचा. रेषा त्या कोऱ्याला वळसा घालून गेली होती, साचलेल्या पाण्याला माणूस घालतो तसा.

"चहा घ्या," हौसेराव साहेब थर्मास उघडत म्हणाले. "येईल हो. पोरं आपल्यापेक्षा डांबरट असतात." नजीबने चहा घेतला. बिस्किट घेतलं नाही.

बैठकीच्या संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको मारिया पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. "तुमच्या फाइलीत माझी पोर कशाला घातलीत?" ती म्हणाली. मग पोळी तव्यावर टाकून : "नि साहेबांच्या पोरी नाहीत का? त्यांना सांगायचं होतं." नजीब म्हणाला की साहेबांच्या मुली मोठ्या आहेत, एक तर अमेरिकेत आहे. "हां. तिथे असतील तुमचे रस्ते." मग तोच म्हणाला की काळजी नको, अलिशाला मुळात सायकल येतच नाही, तेव्हा रविवारी तिला ताप आला असं सांगू. ही सुटका त्याने बसमध्येच शोधून ठेवली होती आणि तिच्यावर तो थोडा खूशही होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून अलिशा आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला येते, अब्बा. फुफूने शिकवली. मोऱ्याला." ती दर सुट्टीत मोरा बंदराला नजीबच्या मोठ्या बहिणीकडे जात असे, आणि परत आली की सांगे : मासे खाल्ले, लाँच बघितली, अभ्यास केला. सायकल तिच्या तोंडून कधी निघाली नव्हती. नजीबने मारियाकडे बघितलं. मारिया पोळी उलटत होती. म्हणजे तिला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना जे माहीत असतं ते नियोजकाला शेवटी कळतं, हा नियम कुठल्याच अहवालात नाही.

आपा. शमसुन्निसा. ती त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, आणि सायकल आधी तिलाच आली होती. वडिलांची काळी सायकल, दांडी एवढी उंच की आपा दांडीखालून पाय घालून पायडल मारी, वाकडी, खेकड्यासारखी. मिठागराच्या बांधावर. नजीब मागून सीट धरून पळे. मीठ उन्हात चकाके, डोळे आपोआप मिटत, आणि मिटल्या डोळ्यांनी तो पळत असे, हातात सीटचं तापलेलं चामडं. एकदा डोळे उघडले तर हातात काही नव्हतं. सायकल कितीतरी पुढे गेली होती, आपाची ओढणी मागे उडत होती, आणि आपा पडत नव्हती. पडतच नव्हती. त्याने एवढं लांब, एवढं सरळ जाताना कोणाला बघितलं नव्हतं. बांधाच्या टोकाला वडील उभे होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी हॅंडल धरलं, आपा उतरली, आणि ते सायकल हातात धरून घराकडे चालायला लागले. मागे आपा, तिच्या मागे तो. जेवणं झाली. आपा पुन्हा कधी सायकलवर बसली नाही. पुढे तिचं लग्न होऊन ती मोऱ्याला गेली, आणि नजीब शिकून सायकलींचे मार्ग आखायला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याला आजवर वाटलं नव्हतं. आणि तिकडे मोऱ्याला आपा, गुडघे दुखणारी, चष्म्यातली आपा, जेट्टीच्या रस्त्यावर अलिशाची सीट धरून धावत होती.

काल संध्याकाळी मोऱ्याहून टेम्पोतून झैदची सायकल आली. झैद आपाचा मुलगा. तो आता मोटारसायकल फिरवतो. अलिशाने सायकल पुसली, तेल घातलं, आणि मग एक बारीक ब्रश घेऊन चेनच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहायला बसली. अलिशा नजीब तुंगेकर. नजीब वर्तमानपत्राआडून बघत होता. "एवढं लांब कशाला? अलिशा पुरे." ती मान वर न करता म्हणाली, "मावतंय, अब्बा." त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. दारावरच्या पाटीचं तिला आठवत असणार. त्या डिसेंबर-जानेवारीत, खाडीपलीकडे दंगलीत मुंबई जळत होती तेव्हा, इथे काही झालं नव्हतं. खरंच काही झालं नव्हतं. सोसायटीच्या गच्चीवर लोक उभे राहून धूर बघत होते एवढंच, आणि तोही त्यांच्यात उभा राहून धूर बघत होता. सेक्रेटरी त्याला म्हणाले, "आपल्याकडे काही टेन्शन नाही." ते सगळ्यांनाच तसं सांगत होते; पण त्याला सांगताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी नजीबने दारावरची पाटी पॉलिश करायची म्हणून उतरवली. दोन महिन्यांनी नवी आली : एन. तुंगेकर. तुंगेकर म्हणजे तुंग्याचा. कोणीही असू शकतो. जुनी पाटी पूर्ण नावाची, मोठी होती, त्यामुळे नव्या पाटीभोवती भिंतीवर एक फिकी चौकट उरली. नजीब येता-जाता त्या चौकटीकडे बघत नसे. न बघण्याची सवय लागायला फार वेळ लागला नाही. एवढ्यात मोठ्या रस्त्याने मोटारसायकलचा आवाज आला, आणि नजीब मनाने पुन्हा शाळेच्या भिंतीशी आला. गुलमोहर, जीप, चार दगड.

मोटारसायकलवर बाबासो होता. बाबासो सर्वेक्षक, मूळचा मिरजेकडचा; त्याला सुरुवातीच्या टोकाला उभं केलं होतं, अलिशाला बांधावर चढवून मोठ्या रस्त्याने इकडे यायला. "झकास निघाली बगा साहेब," तो हेल्मेट काढत म्हणाला. "म्या म्हणलं, सावकाश जा बाय. तर मला म्हणती, काका, तुम्हीच सावकाश जा, त्या रस्त्यावर डंपर असत्यात. ऐका!" हौसेराव साहेब हसले. बाबासोने चहा ओतून घेतला. सगळ्यांनी बांधाच्या वळणाकडे तोंड केलं. वळण रिकामं होतं.

वळण रिकामं असणं सुरुवातीला स्वाभाविक होतं. मग ते थोडं जास्त रिकामं झालं. नजीबच्या मनाने हिशोब मांडला, मुलांचा वेग, बांधाची लांबी, वाऱ्याची दिशा, आणि हिशोबाने दिलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती. बाबासो म्हणाला, "चेन पडली आसंल." मग म्हणाला, "का आराम करतीय." मग त्याने कपातला उरलेला चहा मातीत ओतला. तिवरांत एक बगळा उभा होता, वळणाकडेच बघत असल्यासारखा. होल्डिंग पाँड किती खोल असतो? हे त्याला माहीत होतं. ओहोटीला किती, भरतीला किती, तळाचा गाळ किती, सगळं तक्त्यात होतं. कठडा नव्हता. कठड्याची गरज नाही असं त्यानेच लिहिलं होतं, कारण मार्गावर वाहनं नाहीत. वाहनं नाहीत म्हणजे धक्का नाही, धक्का नाही म्हणजे पडणं नाही. कागदावर हे वाक्य किती नीट उभं राहिलं होतं.

"मी बघून येतो," तो म्हणाला.

"थांबा हो," हौसेराव साहेब म्हणाले. "तुम्ही गेलात तर मग चाचणी कसली? एकटी येणार म्हणून तर—" पण नजीब बांधावर चढला होता. मागून बाबासोचा आवाज आला, "गाडी काढू का?" बांधाच्या तोंडाशी मोटारगाड्या, अगदी मोटारसायकलीही, शिरू नयेत म्हणून लोखंडी खुंट ठोकलेले होते. खुंट कुठे ठोकायचे तेही नजीबनेच ठरवलं होतं.

तो आधी चालला, मग पळाला, मग दम लागून चालला. या बांधावर तो कितीदा आला होता. पण नेहमी पाच-सहा माणसं, टेप, दुर्बीण, बाबासोचे विनोद. एकटा असा प्रथमच. डाव्या हाताला सोसायट्यांच्या मागच्या भिंती, माथ्यावर काचा रोवलेल्या. एकही खिडकी इकडे उघडत नव्हती. इकडे होत्या त्या संडासांच्या झडपा आणि पाण्याचे पाइप. शहराने या बाजूला पाठ करून बसायचं ठरवलेलं दिसत होतं. उजव्या हाताला तिवरं, चिखल, चिखलात बुडबुडे. आवाज नाही. म्हणजे हाच तो अल्प ताण, त्याच्या मनात आलं. इथे हाक मारली तर ती कोणाच्या घरात जाणार? त्याने हाक मारली. "अलिशा!" हाक काचांवरून घसरून परत आली. पुढे एक माणूस बसलेला दिसला, पाठमोरा, उघडा. त्या पाठीवर त्याने एका क्षणात काय काय लिहिलं ते त्याला पुढे कधीच कोणाला सांगता आलं नसतं. माणूस खेकडे पकडत होता. दोरीला माशाचं मुंडकं बांधून चिखलात सोडलेलं. "इकडून एक मुलगी गेली का? सायकलवर?" माणसाने मान वळवली, म्हातारा होता, दात नव्हते. "सकालपास्ना इथंच हाय मी," तो म्हणाला. "इथशी कोन नाय गेला. इथशी कोन जातो?" आणि त्याने दोरी हळूच वर ओढली. दोरीला काही लागलं नव्हतं.

कोन जातो. नजीब उभा राहिला. नकाशा डोळ्यांपुढे आला. हिरवी रेषा सोसायट्यांच्या मागून जात होती, बाजारामागून जात होती, गावाला वळसा घालत होती, मशिदीपासून आणि देवळापासून सारख्याच अंतरावरून जात होती. कुठेच कोणाच्या दारावरून नाही. दोन वर्षं तो वाहनं टाळतो आहे असं त्याला वाटत होतं. त्याने माणसं टाळली होती. जिथे कोणी नाव विचारणार नाही असा रस्ता त्याने एवढ्या निगुतीने आखला होता की आता पोरीला कोणी बघितलं का हे विचारायलासुद्धा एका म्हाताऱ्याखेरीज कोणी शिल्लक नव्हतं. तो सुरुवातीच्या टोकाकडे धावत सुटला, आणि बांध जिथे वाकतो तिथे, ओलसर मातीत, त्याला सायकलच्या चाकाची खूण दिसली. खूण बांधावरून खाली उतरत होती. पाण्याकडे नाही. डावीकडे, दोन भिंतींच्या फटीतून, नकाशावर जिथे काहीच नव्हतं तिकडे. त्याच वेळी त्याच्या कानावर आवाज पडला. बहुधा तो आधीपासून येत असावा. बायकांच्या गाण्याचा, एकसुरी, लांबवलेला.

फट संपली आणि कोलवखार सुरू झालं तेव्हा आधी वास आला, सुकत घातलेल्या बोंबलांचा, आणि ओल्या हळदीचा. गल्ली एवढी अरुंद की दोन्हीकडची घरं हाताला लागावीत. ओट्यांवर माणसं होती, ती सगळी त्याच्याकडे बघत होती. पुढे गल्लीच्या आडवा मांडव घातलेला. आडवा म्हणजे पूर्ण आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लाल-पिवळ्या कापडाचा, आंब्याच्या डहाळ्या लावलेला. आगरी गावात लग्नाचा मांडव दारात घालतात आणि दारात म्हणजे रस्त्यावरच. ज्याला पुढे जायचंय त्याने लग्नातून जायचं. कार्यालयाच्या भाषेत याला अतिक्रमण म्हणतात. मांडवात जातं मांडलं होतं, बायका हळद दळत होत्या, आणि धवलारीण, लग्नाचे धवले म्हणणारी म्हातारी, डोळे मिटून गात होती. नजीब वाकून आत शिरला, वहाणा काढाव्यात की नाही हे न कळून तसाच उभा राहिला. "एक मुलगी," तो म्हणाला. दम पुरत नव्हता. "सायकल होती तिच्याकडे—"

"अलिशा नजीब तुंगेकर!" जात्याशी बसलेली एक दणकट बाई म्हणाली, गाण्याच्या वर आवाज चढवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. हातभर हिरवा चुडा, हाताला कोपरापर्यंत हळद. नजीबने नकळत इकडेतिकडे बघितलं. कोणीही चमकलं नव्हतं. धवलारणीने डोळेसुद्धा उघडले नव्हते. "ती कवाच गेली. तू कोन?"

"मी... नजीब."

सगळा मांडव हसला. "बापूस हाय तिचा!" ती बाई म्हणाली. "आगो, बघा! पोर नीट गेली नी बापूस हरवला!" दुसरी म्हणाली, "मालतीबाय, त्याला पानी दे, कसा घामेजलाय." मालतीबाईंनी पाणी दिलं. नवरा मुलगा त्यांचा पुतण्या, हे त्यांनी तो पाणी पीत असतानाच सांगितलं. अलिशाने आपण होऊन नाव सांगितलं, कोणी विचारलंसुद्धा नव्हतं, हेही सांगितलं. "मना बोलते, मावशी, मी बांधावरशी जानार होते, पन तिकडं कोनच नव्हता, मना भ्या वाटला. गानी ऐकाला आली तं इकडं वललू." नि मोऱ्याच्या शमसुन्निसाची भाची निघाली! मालतीबाईंची धाकटी बहीण मोऱ्याला दिलेली, शमसुन्निसाच्या दाराला दार. "शमसुन्निसा तं आमच्याकडं दर लग्नाला येते. उद्याला बी येल. तू कवा आला नाय?" नजीब दोन वर्षं या गावाभोवती रेषा ओढत होता. "बरं, मी निघतो," तो म्हणाला, आणि मालतीबाई उठून उभ्या राहिल्या. "हलद लावल्याबिगार कोन जात नाय इथशी. तुजी पोर बी नाय गेली." आणि त्यांनी ओल्या हळदीचा हात त्याच्या दोन्ही गालांवरून फिरवला, कोणी ओटा सारवावा तसा, जोर लावून. ती थंडगार होती. त्याला भीती वाटली की तो इथे, सगळ्यांसमोर, रडेल. तो रडला नाही. म्हणाला, "थँक्यू." त्यावर मांडव पुन्हा हसला.

गल्ली गावाबाहेर पडली ती बर्फाच्या कारखान्याशेजारून थेट शाळेच्या पुढच्या फाटकाशी. एवढं जवळ. तो भिंतीला वळसा घालून गुलमोहराशी आला तेव्हा अलिशा जीपच्या पायरीवर बसून बिस्किट खात होती. तिचे गाल पिवळे होते. त्याला बघून ती उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर मघाशी त्याच्या चेहऱ्यावर जे असणार तेच होतं. "अब्बा, तुम्ही कुठे होता? मी केव्हाची—" मग तिला त्याचे गाल दिसले, आणि तिने स्वतःच्या गालाला हात लावला.

"आयला, दोघंबी पिवळं!" बाबासो म्हणाला.

हौसेराव साहेबांनी पेन उघडलं होतं. ते मनापासून खूश दिसत होते, आणि नजीबला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. "काय हो तुंगेकर, मुलगी पोचली, नियोजक बेपत्ता. बोला, सही करू ना? आली की नाही एकटी?" पेनचं टोक नकाशाच्या कोपऱ्यावर, 'मंजूर' या शब्दाखाली टेकलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. ती आली होती. एकटी आली होती. 'जाईल की' हे मागच्या वेळी किती सहज निघालं होतं, चहात बघता बघता.

"आली," नजीब म्हणाला. "पण या रेषेवरून नाही आली. ही रेषा चुकली आहे, साहेब. हिच्यावर कोणी नाही. बारा वर्षांची मुलगी हिच्यावरून जाणार नाही. मी चाळिशीचा आहे, मीही जाणार नाही." त्याने गाल पुसला आणि कोऱ्या भागावर बोट ठेवलं. बोटाची हळद कागदाला लागली. "ती इथून आली."

हौसेराव साहेबांनी तो डाग अंगठ्याने पुसून बघितला; डाग पसरला. "गावठाण आपल्यात येत नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "नव्याने सर्व्हे, ग्रामपंचायतीचा ठराव, वरची परवानगी. या पावसाळ्याचं विसरा. पुढच्याचंही. आणि रस्त्यात मांडव घालतात हो ते लोक."

"हो. तिथे सायकलवरून उतरावं लागतं."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. बाबासोने एकेक करून चारही दगड उचलले, आणि नकाशा आपोआप गुंडाळला गेला. साहेब अलिशाला म्हणाले, "बस बेटा जीपमध्ये, सायकल मागे टाकू." अलिशाने नजीबकडे बघितलं. "मांडवातल्या मावशींनी जेवायला बोलावलंय," ती हळू म्हणाली. "म्हणाल्या, अब्बाला घेऊन ये. फुफूच्या ओळखीच्या आहेत."

जीप गेली. अलिशा सायकलवर बसली, सावकाश, त्याला चालत येता यावं म्हणून. फाटकापासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत तो तिच्या मागे होता, सीटपासून हातभर अंतरावर, आणि हात आपोआप पुढे झाला होता. तो त्याने खिशात घातला. पत्र्यावरची नावं उन्हात वाचता येत होती, तिन्ही. गल्लीच्या तोंडाशी धवल्याचा सूर ऐकू आला तशी ती खाली उतरली, कोणी सांगायच्या आत, आणि हॅंडल धरून, मान थोडी वाकवून, मांडवात शिरली.